बारा तव्यांची आंघोळ

शशिकलाकाकूंचे बारा लोखंडी तवे शुक्रवारी कुरिअरने नेदरलँड्सला जायचे होते. पसंत पडले तर पाचशेंची ऑर्डर. नाही तर बैरसिया गावाजवळच्या त्यांच्या भट्टीवरची सहा माणसं पुन्हा आठवडी बाजाराच्या भरवशावर. निर्यातीची घडी बसवायला एका संस्थेने निनादला नेमलं होतं. वय चोवीस, एम.एस्सी. रसायनशास्त्र, शंकांना तोटा नाही.

तव्यांवर काळा थर होता. निनादने तो नखाने खरवडला, हुंगला आणि वहीत ‘अनोळखी मळ’ अशी नोंद केली. मग शहरात, नेहरू नगरच्या आपल्या खोलीत आणून त्याने बाराही तवे धुण्याच्या सोड्यात तासभर उकळले, घासून चकचकीत केले, दशांश ग्रॅमपर्यंत वजनं लिहिली आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला.

ऑगस्टच्या दमट हवेत दोन दिवसांत तवे तपकिरी झाले. निनादने सवयीने पुन्हा वजन केलं. प्रत्येकी तीन दशांश ग्रॅम वाढ, गंजाची. गंजाचं समीकरण त्याला तोंडपाठ होतं. कोचिंग क्लासात दोनशे मुलांकडून त्याने ते घोकून घेतलं होतं.

निनादचा फोन जाताच काकू बसने आल्या, तेलाची बाटली घेऊनच.

“मळ? अहो भैया, चार वेळा जवसाचं तेल लावून भाजलेला तवा तो! तुम्ही त्याची कातडीच सोलली.”

“मला वाटलं...”

“लोखंड कुठलं, घण किती किलोचा, माझं वय काय, सगळं विचारलंत. हेच तेवढं राहिलं?”

गच्चीवर शेगडी पेटली. काकू गंज घासून काढत, तेलाचा हात फिरवत आणि तवा तापवत.

“किती मिनिटं, काकू?”

“धूर थांबेपर्यंत.”

“म्हणजे साधारण...”

“घड्याळ खिशात ठेवा. धुराकडे बघा!”

एक तवा निनादने हट्टाने स्वतः केला. मोजून तेल, मोजून वेळ. तो गुळाच्या ढेपेसारखा चिकट निघाला.

शुक्रवारी अकराच तवे गेले. खरेदीदाराच्या फॉर्मवर ‘संख्या कमी असल्यास कारण’ असा रकाना होता. निनादने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘धुतलेल्या बारांपैकी एक तवा रसायनतज्ज्ञाच्या हाती लागला.’

तीन आठवड्यांनी पाचशेंची ऑर्डर आली. सोबत एकच अट: पाठवण्याआधी तवे कोणीही धुवू नयेत.

काकू फोनवर खो खो हसल्या. “बघा, तुम्हाला न बघताच ओळखलं त्यांनी!”

चिकट तव्यावर डोसा उलटायची निनादची धडपड चालूच होती. डोसा सुटला नाही.