अर्धा तास पुढचं घड्याळ

आमच्या बेकरीच्या भट्टीच्या खोलीतलं घड्याळ अर्धा तास पुढे असतं. पाव कधी उशिरा निघू नये म्हणून सासऱ्यांनी ते तसं लावलं आणि त्यांच्यामागे कुणी त्याला हात लावला नाही. घरातला जो तो त्याच्याकडे बघतो आणि मनातल्या मनात अर्धा तास वजा करतो. आमची लेक शाळेत वजाबाकी शिकायच्या आधी हे शिकली. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, "ते पुढे आहे हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, मग फसतं कोण?" सासरे म्हणाले, "घड्याळ फसतं."

आमचे हे रात्री पीठ मळतात, पहाटे पाव भाजतात, सकाळी दुकान मी उघडते. दुपारी आम्ही एकत्र जेवतो. हात धुवायच्या आत ह्यांना जांभया सुरू होतात आणि हे भट्टीच्याच खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर पालथे पडतात ते थेट रात्रीपर्यंत. तिथे ऊब असते म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण संध्याकाळ नावाची गोष्ट आम्ही दोघांनी जागेपणी मिळून कधी पाहिलेली नाही. लेक घरात होती तोवर जाणवलं नाही. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि संध्याकाळ अंगावर यायला लागली. दुकानात गिऱ्हाईक असतं, गल्लीत माणसं असतात आणि माझं माणूस भिंतीपलीकडे घोरत असतं.

संध्याकाळी मी ट्रे आणायला आत जाते तेव्हा ह्यांची झोप मोडू नये म्हणून बल्ब लावत नाही. मागच्या खिडकीची काच कधीच फुटली, तिथे ह्यांनी पाव भाजायचा जुना, भोकाभोकांचा पत्रा ठोकलाय. त्या वेळी मागच्या दोन इमारतींमधल्या फटीतून ऊन येतं आणि ह्यांच्या पाठीवर गोल गोल कवडसे पडतात. मी घटकाभर उभी राहते आणि ट्रे उचलून बाहेर येते.

तर ग्रहणाची बातमी आणली वन्संनी. वन्सं म्हणजे ह्यांची बहीण, शाळेत शिकवते, त्यामुळे जगात काय चाललंय ते आम्हाला तिच्याकडूनच कळतं. सूर्य मावळायच्या आधी त्याला ग्रहण लागणार, आणि टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून सगळं दिसणार. तिने तिघांसाठी ते खास काळे चष्मेही मिळवले होते. मी म्हटलं, "तिसरा कुणाला? तुझा भाऊ झोपेतून उठतोय होय!"

"येईन की," हे म्हणाले. तोंडात घास होता, तरी स्वच्छ ऐकू आलं.

ह्यांनी आजवर मला कशाचाही शब्द दिलेला नाही. दिला की पाळावा लागतो, म्हणतात. त्यामुळे मी तो घट्ट धरून ठेवला. खरं सांगते, ग्रहण गेलं खड्ड्यात. मला ह्यांच्या शेजारी उभं राहून एक संध्याकाळ बघायची होती.

त्या दिवशी वन्सं पुढे गेली. माझ्या मोबाईलचा कॅमेरा बरा, म्हणून तोही घेऊन गेली. हे लवकर आडवे झाले. दुकानातून, मधल्या दारातून, भट्टीतलं घड्याळ दिसतं. मी बघितलं, अर्धा तास वजा केला, म्हटलं, बख्खळ वेळ आहे. सावकाश दुकान आवरलं. जांभळी साडी काढली, ती ठेवून हिरवी काढली, शेवटी जांभळीच नेसले. थर्मासमध्ये चहा भरला. दोन बन बांधून घेतले. मग पुढची फळी लावायला बाहेर आले आणि बघते तर आपल्या घराची सावली समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर चढलेली! या वेळी ती त्यांच्या दाराशी असायला हवी होती. इतकी वर्षं दुकानात बसून एवढं तरी कळतंच.

धावत आत गेले, बल्ब लावला, ह्यांना गदागदा हलवलं. "उठा! घड्याळ बिघडलंय!"

हे डोळे चोळत उठून बसले. "बिघडेल कसं? दुपारीच बरोबर लावलंय."

"काय केलंय?"

"बरोबर लावलंय. आजच्या दिवशी घोळ नको म्हणून. रेडिओ ऐकून लावलं."

"आणि मला कोण सांगणार?"

"सांगणारच होतो गं. म्हटलं, जरा पाठ टेकू..."

म्हणजे मी खऱ्या वेळेतून अर्धा तास वजा करून बसले होते! वर टाकीपर्यंत चढायलाच तेवढा वेळ लागतो, आणि पायऱ्या चढताना ह्यांचा श्वास भात्यासारखा चालतो. संपलं सगळं. माझा जो काही तोल गेला! "एवढ्या वर्षांत त्या घड्याळाला हात लावायला हाच दिवस सापडला? एक संध्याकाळ मागितली होती तुमच्याकडे. एक! आपण नवराबायको आहोत की दोन पाळ्यांतले कामगार?" हे म्हणाले, "अगं, चल तरी, पळू या." मी म्हटलं, "पळताय! झोपा आता!" आणि फाडकन बल्ब बंद केला. मला रडू आलेलं ह्यांना दिसायला नको होतं.

अंधारात हे पोत्यांपाशी उभे होते. खिडकीच्या पत्र्यातून ऊन आलेलं होतं, तांबूस. ह्यांच्या बनियनवर, मागच्या भिंतीवर रोजचे कवडसे होते. पण गोल नव्हते. कुणी ट्रेमधल्या प्रत्येक बिस्किटाचा एकेक घास खाऊन परत ठेवावा, तसे सगळेच्या सगळे एकाच बाजूने खाल्लेले.

हे दाराकडे यायला लागले. मी ओरडले, "हलू नका!"

"आता काय झालं?"

"ग्रहण लागलंय तुमच्या बनियनवर."

ह्यांनी खाली बघितलं. मग तळहात पुढे केला. त्यावर एक सूर्य बसला, कोयरीएवढा. हे कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "इकडे ये," म्हणाले. मी गेले, तर माझ्या पदरावरही चारपाच आले. आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो, तिथेच उभ्या उभ्या, खांद्याला खांदा लावून. सूर्य खाली जात होता तसे कवडसे भिंतीवर वर चढत होते. शेवटचे काही घड्याळापर्यंत पोचले आणि विझले.

"हे रोज येतात?" ह्यांनी विचारलं.

"रोज. पण अख्खे."

"तुला कसं माहीत?"

"तुमच्या पाठीवर बघते ना."

ह्यांनी कप माझ्या हातातून घेऊन स्वतः विसळला. हे आजवर कधी घडलेलं नाही.

वन्सं खाली आली ती धापा टाकतच. "कुठे होतात तुम्ही दोघं?" तिने फोटो दाखवला. त्यात एक नारिंगी ठिपका होता. "फार मोठी गोष्ट चुकवलीत, वहिनी!"

"हो ना," हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "झोप लागली." आणि तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघून डोळा मारला. या वयात!

ती गेल्यावर हे स्टुलावर चढले, घड्याळ पुन्हा पुढे करायला. काटा हातात धरून थांबले. "काय गं, बाबांच्या वेळेपासून रोज अर्धा तास वाचवतोय आपण. तो जातो कुठे?"

"मला काय विचारता? झोपता तुम्ही, मी जागी असते."

ह्यांनी काटा फिरवला. "उद्यापासून कवडसे आले की उठव मला. अर्धा तास बसू. मग झोपतो परत."

"शब्द देताय?"

"दिला."

दुसऱ्या दिवशी दोन कप चहा घेऊन मी आत गेले. बल्ब लावला नाही. हे नेहमीसारखे पालथे पडले होते, डोळे मिटून, आणि पाठभर कवडसे होते, अख्खे. पण घोरण्याचा आवाज नव्हता.