डाग मी पाहिला होता

मी एक खुर्ची. छापखान्याच्या मुद्रितशोधनाच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून उभी असते. खुर्चीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. चौदा वर्षं मी एकाच बाईचा भार उचलला आणि जे तिच्या घरात कुणाला कळलं नाही, ते मला कळत होतं. आता गप्प राहवत नाही, म्हणून बोलतेय.

सुताराने मला सागवानी म्हणून विकलं. आहे मी साध्या लाकडाची. बैठकीला फिकट निळं कापड, आत काथ्या. मालकांनी एकदम सहा खुर्च्या घेतल्या, त्यातली मी बाईंच्या वाट्याला आले.

बाई म्हणजे आमच्या मुद्रितशोधक. त्यांच्यासमोर काका बसायचे. काका मूळ प्रत मोठ्याने वाचायचे, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि बाई छापून आलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत चुका धरायच्या. पान संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा खोलीचा नियम. दुसरा नियम बाईंचा स्वतःचा. "मजकुराच्या अर्थात शिरायचं नाही," त्या नव्या माणसाला ठणकावून सांगायच्या. "गोष्टीत रमलात की चूक निसटलीच म्हणून समजा." तो नियम मला तेव्हाही आवडत नव्हता, पण खुर्चीला कोण विचारतो!

सत्तेचाळिशी उलटली आणि बाईंचं शरीर त्यांचं ऐकेनासं झालं. पाळी कधी दोन-दोन महिने पत्ता लागू द्यायची नाही, आणि आली की आठवडाभर ठाण मांडून बसायची. मग ती थांबली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. बसल्या बसल्या मान, पाठ घामाने निथळायची, माझं कापड ओलं व्हायचं.

"काका, पंखा लावा."

"बाई, कागद उडतात हो."

"मग मी उडू का?"

काका निमूटपणे कागदांवर पेपरवेट ठेवायचे. पण मालकांना बाईंचा चढलेला आवाज तेवढा ऐकू जायचा. "हल्ली फार चिडचिड करतात," ते दारातून म्हणायचे, "वयच तसलं." रात्रीची झोप उडाली होती, गुडघे धरले होते, नेहमीचे शब्द आठवत नव्हते. या सगळ्याला मालकांकडे तेवढं एकच उत्तर होतं.

पाळी थांबून दीड वर्ष झालं असेल. एके दिवशी बाई उठल्या आणि माझ्या कापडावर बोराएवढा लाल डाग होता. त्यांनी तो पाहिला, दार लोटलं आणि ओल्या रुमालाने मला इतकं घासलं की माझा रंग गेला. दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर घडी घातलेला टॉवेल आला. काकांनी विचारलं तेव्हा "कंबर दुखते" म्हणाल्या.

दुपारी त्यांनी मोठ्या बहिणीला फोन लावला. "ताई, पुन्हा आलंय गं. दीड वर्षाने."

"अगं मग तरुण झालीस की!" ताईंचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "उष्णता असेल. दगदग कमी कर, जाईल आपोआप."

दोघी हसल्या. मला हसता येत नाही, आणि येत असतं तरी मी हसले नसते.

पुढच्याच महिन्यात एका दवाखान्याची पुस्तिका छापायला आली. चाळिशीनंतर बाईच्या शरीरात काय काय बदलतं, काय सोसायचं नसतं, कशासाठी डॉक्टरकडे जायचं, सगळं सोप्या भाषेत. काकांचे कान लाल झाले होते. नको ते शब्द आले की ते आवाज खाली आणून गाडी पळवायचे.

"पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं स्वल्पविराम मग ते थेंबभर का असेना स्वल्पविराम तर थांबू नका पूर्णविराम ताबडतोब तपासून घ्या पूर्णविराम."

"थांबा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, कळलं! माझ्यावर त्या ताठ झाल्या होत्या.

"थेंबभर का असेना, याच्यापुढचा स्वल्पविराम छापलेला नाही," असं म्हणून त्यांनी पेन्सिलीने खूण केली. "हं, पुढे."

ते पान तीन वेळा त्यांच्या हाताखालून गेलं. तिन्ही वेळा त्या माझ्यावर, त्याच टॉवेलवर बसल्या होत्या. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

त्यानंतर आठ महिने गेले. बाई हलक्या होत गेल्या. त्यांचं वजन घटतंय हे सगळ्यांत आधी मला कळलं, नंतर त्यांच्या कपड्यांना. मालक म्हणाले, "बारीक झालात, छान दिसतंय." मग एका सकाळी बाई अर्ध्या पानावर उठल्या, टेबल धरलं आणि खाली बसल्या. टॉवेल भिजून रक्त माझ्या काथ्यापर्यंत गेलं होतं.

काका दवाखान्यात भेटून आले ते मालकांना सांगत होते. गर्भाशयाचा कर्करोग. बाहेर पसरलाय. "सुरुवातीला आल्या असत्या तर ऑपरेशनवर भागलं असतं बहुतेक, असं डॉक्टर म्हणाले."

"त्यांना कुठे माहीत असणार बिचाऱ्यांना," मालक म्हणाले.

काकांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "मला विचारत होत्या, ती पुस्तिका आपण वाचली होती ना हो? मी सांगितलं, तीनदा वाचली, बाई."

बाई परत आल्या नाहीत. येतील असं कुणी म्हणतही नाही.

मालकांनी मात्र तत्परता दाखवली. खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांची कापडं काढून काळं रेक्झिन बसवलं. नव्या बाईंना ते कौतुकाने दाखवतात, "पुसलं की साफ." आठ महिने एका बाईला बरं आहे का म्हणून धड विचारलं नाही, आणि खुर्चीचा इलाज एका दुपारी झाला.

बायांनो, माझ्यावर बसून तुम्ही जे लपवता ते मला दिसतं, पण मला कुणाला सांगता येत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल. घाम, चिडचिड, उडालेली झोप यांचीही लाज धरू नका, त्यावर उपाय असतात. आणि थांबलेलं रक्त पुन्हा दिसलं तर पान अर्धं टाकून उठा. मालक ओरडतील, ओरडू देत. त्यांना दुसरी मुद्रितशोधक आठवड्यात मिळाली.