अस्तराखालच्या नोटा

सुज्ञ वाचकहो, परमुलखात आपल्याच घामाचा पैसा आपल्या हाती यावा म्हणून एका शिंप्यास आणि त्याच्या कन्येस कोणत्या दिव्यातून जावे लागले, आणि त्या दिव्यातही त्यांनी मान कशी खाली घातली नाही, याचा वृत्तान्त मी आता यथामती निवेदन करणार आहे. या कथेत राजा नाही आणि राक्षसही नाही. एक कोट आहे, काही नोटा आहेत आणि काचेची एक खिडकी आहे. तेवढ्यावर कृपया भागवून घ्यावे.

कथेतील मास्तर हे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. गळ्यात टेप आणि कानावर खडू हा त्यांचा जन्माचा दागिना. त्यांची एकुलती एक कन्या, जिला ते लाडाने बाळी म्हणत, ती विवाहानंतर पतीसमवेत दूरदेशी राहावयास गेली होती. तेथे एका वृद्ध बाईंच्या दुकानात ती कपडे दुरुस्त करी. विजार आखूड करणे, चेन बदलणे, कोपरावर ठिगळ बसवणे, ही तिची कामे. बापाचा हात तिच्या बोटांत जसाच्या तसा उतरला होता. परंतु पगार मात्र त्या बोटांत कधी उतरला नाही. तो थेट नवऱ्याच्या खात्यात जमा होई. "एका घरात दोन खाती कशाला? उगाच व्याप," असे तो पहिल्याच महिन्यात म्हणाला होता, आणि नव्या नवरीने मान डोलावली होती.

जावई मारकुटा नव्हता, व्यसनीही नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तो फक्त देताना मोजून देई आणि दिल्यावर कशाला म्हणून विचारी. बसच्या तिकिटासाठीसुद्धा बाळीला त्याच्यापुढे हात पसरावा लागे.

अशात त्या वृद्ध मालकीणबाईंनी दुकान सोडण्याचे ठरविले. त्या म्हणाल्या, "पोरी, मशीन, गिऱ्हाईक, खिडकी, सगळं तुला देते. पण अनामत रोख पाहिजे. शेजारचा चावीवालाही टपलाय. महिनाअखेरच्या शनिवारी दुपारी मी कुलूप लावायच्या आत जो अनामत आणील, त्याचं दुकान."

बाळीने नवऱ्यास विचारले. तो आनंदाने म्हणाला, "देतो की! कागद मात्र माझ्या नावाने करू. तू शिव, मी सांभाळतो."

त्या उत्तराने तिचे पित्त खवळले. दुसऱ्या दिवशी दुकानातूनच तिने बापास फोन केला. "बाबा, मला उसने द्या. फेडीन मी."

"उसने म्हणालीस तर फोन ठेवतो," मास्तर म्हणाले. "कुठे पाठवू ते सांग."

येथेच घोडे पेंड खात होते. पाठविलेला पैसा जावयाच्या खात्यात पडणार होता. स्वतःचे खाते उघडावे म्हणून बाळी बँकेत जाऊन आली होती. तेथे राहत्या जागेचा पुरावा मागितला, आणि जागा नवऱ्याच्या नावावर होती. अखेरीस मास्तरांनी निश्चय केला की, आपण जातीने जावे आणि पैसा लेकीच्या हातावर ठेवावा. त्या देशाचे चलन त्यांच्या गावी मिळत नव्हते. म्हणून त्यांनी रीतसर पावती घेऊन एका बड्या देशाच्या नोटा विकत घेतल्या. या नोटा जगात कोठेही चालतात, तेथे गेल्यावर बदलून घ्या, असे त्यांस सांगण्यात आले होते.

आता नोटा न्याव्या कशा? मास्तरीणबाई म्हणाल्या, "कापडाची पिशवी शिवा आणि पोटाला बांधा."

"पोटाला पिशवी बांधून मी काय विमानात वांगी विकायला चाललोय?"

"मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवा."

"खिशात जाडजूड काही ठेवलं की छाती फुगते. कोटाचं पडणं बिघडतं."

"कोटाचं पडणं बघायला कोण येणार आहे तिथं?"

"मी आहे ना बघायला!"

वाचकहो, याच एका वाक्याने पुढील सारे रामायण घडविले. मास्तरांनी कोट उसवला. आतील बकरमावर, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या कडक कापडावर, नोटा एकेक करून पसरल्या आणि बारीक, तिरक्या टाक्यांनी सबंध छातीभर टाचून टाकल्या. नोटा सरकू नयेत, कुरकुरू नयेत आणि कोट अंगावर पाण्यासारखा पडावा! वरून अस्तर लावले. कोट असा बसला की, विमानतळावरील शिपायानेही त्यांस अदबीने वाट दिली.

त्या शनिवारी सकाळी लेकीच्या खोलीत पलंगावर बसून मास्तरांनी अस्तर उसवले. जावई चहाचा पेला घेऊन पाहत होता. तो हसून म्हणाला, "बाबा, हा कोट आहे का तिजोरी?"

"तिजोरीला किल्ली लागते, जावईबापू. याला नुसतं ब्लेड लागतं."

बाळी मात्र हसली नाही. तिने एक नोट खिडकीपाशी धरली होती आणि नोटेतून प्रकाशाचे बारीक ठिपके तिच्या गालावर पडले होते.

"बाबा, तुम्ही टाके नोटांतून घातलेत?"

"मग कशातून घालणार?" असे मास्तर म्हणाले खरे, परंतु म्हणता म्हणताच त्यांनी दुसरी नोट उचलून उजेडात धरली.

चलन बदलून देणारे दुकान बाजाराच्या तोंडाशी होते. काचेच्या खिडकीमागे बसलेला गृहस्थ आपल्याच भाषेचा निघाला, तेव्हा मास्तरांस हायसे वाटले. ते हायसे फार वेळ टिकले नाही. त्याने नोट दिव्यासमोर धरली आणि नाक मुरडले.

"काका, ही नोट आहे का पिठाची चाळण?"

"खरी नोट आहे. पावती दाखवतो."

"खरी आहे हो. पण भोकं पडलीत. भोकं पडलेली नोट आम्ही घेत नाही. तुम्ही आपली माणसं म्हणून अर्ध्या भावाने घेतो."

"अर्ध्या?"

"दुसरीकडे जाऊन बघा. तिथे तेवढेही देणार नाहीत."

ते आणखी दोन दुकानांत गेले. एकाने नोटा काचेखालून तशाच परत सरकवल्या. दुसऱ्याने आपल्या मित्राला बोलावून त्या दाखवल्या आणि दोघेही पोट धरून हसले. उभ्या आयुष्यात ज्या हाताची लोकांनी वाहवा केली, त्याच हाताने आज लेकीचा घात केला, या विचाराने मास्तरांची पावले जड झाली. ते पदपथावरील एका लोखंडी बाकावर बसले. इतक्यात बाळीचा फोन वाजला. नवरा बोलत होता, आणि आवाज मास्तरांसही स्पष्ट ऐकू येत होता.

"नाही ना घेतल्या? अगं, मी तुझ्या वाईटावर आहे का? नाव कुणाचं असलं म्हणून काय बिघडलं? मी आत्ता पैसे घेऊन निघतो."

बाळीने उत्तर न देता फोन बंद केला. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "बाळे, होय म्हणून टाकतेस का? माझ्यामुळे दुकान हातचं जायला नको."

"बाबा, एवढ्या लांबून तुम्ही मला हे सांगायला आलात?"

तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"नवऱ्याने अर्धं आयुष्य सांभाळायला घेतलं. आता हा खिडकीवाला अर्धे पैसे सांभाळणार. मी काय अर्धीच जन्माला आले? उठा. त्या पहिल्या दुकानात चला. भोकं पडलेली नोट का चालत नाही, हे त्याने मला नीट सांगितलं पाहिजे."

आता त्या दुकानात मोठी रांग लागली होती. सुट्टीवर घरी निघालेले कामगार याच बड्या देशाच्या नोटा विकत घेण्यास उभे होते. बाळी बापाचा हात धरून रांगेत उभी राहिली. पुढे एक रंगारी होता, त्याच्या बाह्यांवर वाळलेल्या रंगाचे शिंतोडे होते. त्याची पाळी आली. खिडकीवाल्याने खणातून नोटांची गड्डी काढली, गड्डीची पिन नखाने उचकटून काढली आणि नोटा मोजून रंगाऱ्याच्या हाती दिल्या.

बाळीचे डोळे त्या पिनेवर खिळले. तिने रंगाऱ्यास विचारले, "भाऊ, एक नोट जरा उजेडात धरता?"

रंगाऱ्याने धरली. कोपऱ्यात दोन भोके लखलखीत दिसत होती.

बाळीने आपली नोट काचेला चिकटवली आणि साऱ्या रांगेस ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलू लागली. "दादा, तुमच्या पिनेचं भोक चालतं आणि माझ्या बाबांच्या सुईचं चालत नाही, हे कसं? तुमचं भोक जास्त शिकलेलं आहे का?"

"ताई, पिनेचं वेगळं असतं."

"वेगळंच आहे. तुमचं मोठं आहे. आमचं बारीक आहे, एका रेषेत आहे आणि हाताने घातलेलं आहे!"

रांगेत हशा पिकला. रंगारी मात्र हसला नाही. तो नोटेकडे पाहत म्हणाला, "थांबा, थांबा. मी ही नोट गावी नेली आणि तिथल्या खिडकीवाल्याने मला हेच ऐकवलं, तर? मला बिनभोकाच्या नोटा द्या."

"मलाही," मागून एक सफाईवाल्या बाई म्हणाल्या. "मी मागच्या महिन्यात नेल्या होत्या. माझ्या भावाला तिकडे कमी भाव दिला. मला वाटलं, तोच खोटं बोलतोय. भावाशी बोलणं टाकलं मी या मेल्यापायी!"

आता सारी रांग काचेला भिडली. प्रत्येक जण नोट उजेडात धरू लागला. गलका ऐकून आतील पडदा बाजूला सारून मालक बाहेर आला आणि त्याने गोड शब्दांत सर्वांस समजावले, "मंडळी, घाबरू नका. एवढ्याशा भोकाने काही होत नाही. नोट चालते."

"चालते ना?" बाळीने विचारले.

"चालते म्हणजे काय! पूर्ण भावाने चालते."

मास्तर इतका वेळ मागे उभे होते. ते पुढे आले. त्यांनी उसवलेला कोट अंगात घातलेला होता, अस्तर बाहेर लोंबत होते, परंतु मान ताठ होती. सर्व नोटा त्यांनी काचेखालून आत सरकविल्या आणि म्हणाले, "तुमच्या तोंडचा शब्द आहे, मालक. बाहेर फळ्यावर लिहिलाय त्या भावाने मोजा."

मालकाने रांगेकडे पाहिले, खिडकीवाल्याकडे पाहिले आणि मूग गिळून मोजले.

दुकानाशी ते पोहोचले तेव्हा मालकीणबाई किल्ली हाती घेऊन दारात उभ्या होत्या. एका बाजूस चावीवाला होता. दुसऱ्या बाजूस जावई होता, बगलेत पाकीट घेऊन. बाळीने कोणाकडेही न पाहता अनामत बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी ती मोजली आणि किल्ली तिच्या मुठीत दाबली.

चावीवाला दिलदार होता. तो म्हणाला, "हरलो बुवा. जादा किल्ली करायची असेल तर ये. एकच लागेल ना?"

"एकच," बाळी म्हणाली.

जावई काही काळ घुटमळला. मग म्हणाला, "कागद कुणाच्या नावाने?"

"माझ्या."

"आणि गल्ला?"

"तोही माझा. सोमवारपासून पगार तुमच्या खात्यात येणार नाही. आजपासून पगार देणारी मीच आहे."

तो लाल झाला. "मग मी काय करायचं?"

बाळीने त्याच्या पायांकडे पाहिले. त्याची विजार टाचेखाली मळून फाटली होती. कित्येक दिवस तो ती आखूड करून मागत होता. तिने मशीनवरचे झाकण काढले.

"विजार आणा. बोटभर आखूड करून देते. पैसे आगाऊ."

मास्तरांनी घाईघाईने कोटाच्या अस्तराकडे लक्ष वळविले, कारण जावयासमोर हसणे त्यांस प्रशस्त वाटेना. अखेर जावयाने पाकीट उघडले. देताना त्याने सवयीने मोजून दिले, परंतु या खेपेस कशाला म्हणून विचारले नाही. बाळीने ती नोट घेतली, खिडकीपाशी नेली आणि भोक नाही याची खात्री करून आपल्या गल्ल्यात टाकली.

वाचकहो, आपण आपला अमूल्य वेळ देऊन येथवर सोबत केलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. मास्तरांचा तो कोट हल्ली माझ्याच टेबलावर कडक होऊन जातो. त्याचे पडणे अद्याप उत्तम आहे.

आपला नम्र,
इस्त्रीवाला नाना