कमळी मागून म्हणते

चाळीस वर्षं लग्नांत गाऊनही कमळीनं एकही ओळ कधी पहिली म्हटली नव्हती.

आगाशीच्या पल्याड, खाडीच्या अंगाला असलेल्या त्या आगरी गावात लग्न निघालं की धवलारीण हवीच. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीचं गाणं असतं आणि ते गाते ती धवलारीण. गावची धवलारीण द्वारकाबाय. ती एक ओळ म्हणायची आणि तिच्या उजव्या हाताला बसलेली कमळी तीच ओळ, काना-मात्रा न बदलता, पुन्हा म्हणायची. मग द्वारकाबाय पुढच्या ओळीला हात घालायची. मान, लुगडं, नारळ पहिला द्वारकाबायला. कमळीला लोक म्हणायचे, ही काय, नुसती री ओढते. तिच्या सुनेनंही एकदा विचारलं होतं, आई, यात तुमचं असं काय असतं? कमळी तेव्हा हसली, पण ते मनातून गेलं नाही. सगळी गाणी तिलाही तोंडपाठ होती. एकदा, फक्त एकदा पुढं बसायला मिळावं, एवढीच तिची हाव होती, आणि साठी उलटली तरी ती सुटली नव्हती.

गावातल्याच हरेशच्या मुलीची, स्वप्नालीची हळद होती. दुपारचे चार वाजलेले. हळदीच्या गाण्यात एकेका ओळीत एकेका नातलगाचं नाव येतं. ज्याचं नाव येईल त्यानं उठून नवरीला हळद लावायची. वारलेल्यांचीही नावं घेतात, त्यांची हळद घरातलं मोठं माणूस लावतं. नावं चाळीस-पन्नास, सगळी नात्याच्या क्रमानं, आणि कागदावर बघून गाणं म्हणजे धवलारणीला कमीपणा. एखादं नाव राहिलं तर तो माणूस भरल्या पानावरून उठून जातो. अशी उठून गेलेली घरं गावात आहेत, दोन पिढ्या एकमेकांकडे पाणी पीत नाहीत.

नवरीची चुलत बहीण हेमाली विरारला नोकरीला. सगळा कार्यक्रम तिच्या हाती होता. डीजे सहाला येणार म्हणून ती अगदी अजिजीनं म्हणाली की आजी, प्रत्येक ओळ दोनदा होते ती एकदाच म्हटली तर निम्म्या वेळात होईल. कमळीला वाटलं, द्वारकाबाय आता हिला झापणार. द्वारकाबाय म्हणाली, बरा.

म्हणजे कमळीचं काम संपलं. मांडवातून ऊठ म्हणाले असते तरी तिला इतकं लागलं नसतं. तरी ती जागेवरच बसली, हात मांडीत घेऊन, तोंड मिटून.

द्वारकाबायनं सुरुवात केली. गावदेवी झाली, वारलेले आजोबा जयराम झाले, बाप, आई, काका, काकी झाली. मग आईकडची आजी, चांगुणा.

"हलद लावा गो, चांगुनाआजीची."

आजीनं घाईघाईनं बोट टेकवलं आणि ती मागं सरली. द्वारकाबायनं तोंड उघडलं, पण काही आलंच नाही. पुढचं नाव थोरल्या मामाचं, हिरामणचं. तो तर बोटं हळदीत बुडवून पुढं येऊन उभाच होता.

हिरामणचं नाव कमळीच्या जिभेवर होतं. म्हटलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती, उलट गाणं सावरलं म्हणून वाहवा झाली असती. क्षणभर तिला आनंदही झाला, खोटं कशाला बोला. मग तिनं द्वारकाबायचा हात पाहिला. गुडघ्यावर ताल धरणारा तो हात थांबला होता आणि बोटं लुगड्याच्या काठावर काहीतरी चाचपत होती. कमळीला गलबलून आलं. तिनं तोंड उघडलं आणि मागचीच ओळ घेतली.

"हलद लावा गो, चांगुनाआजीची."

आजी बावरून पुन्हा पुढं आली. या वेळी तिला घाई नव्हती. तिनं दुसऱ्या गालाला हळद लावली, हनुवटी कुरवाळली, आणि इतका वेळ फोनकडे बघून हसणाऱ्या स्वप्नालीनं आजीचा हात धरून ठेवला. कमळीनं तीच ओळ तिसऱ्यांदा म्हटली, आणखी सावकाश.

"हलद लावा गो, हिरामनमामाची," द्वारकाबाय म्हणाली.

पुढं प्रत्येक ओळ दोनदा झाली. कोणी हरकत घेतली नाही. हेमालीनं डीजेला उशिरा यायचा निरोप धाडला.

मागच्या नळावर हात धुताना द्वारकाबाय म्हणाली, "नाव तुला येत व्हता."

"येत व्हता."

"मंग बोलली का नाय?"

"तू बोलनार व्हतीस ना."

द्वारकाबायनं पिवळी बोटं चोळली. "धा वर्सां जाली, कमले. एक ओल बोलली का पुढची जाते. तू मागशी बोलतस तवर ती परत येते. त्या पोरीला हो बोलली, वाटला, बगू तरी तुज्याबिगर जमतंय का." मग तिनं नळ बंद केला. "उद्या तू पुढं बस. मी मागशी बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीच्या न्हाणाला कमळी पुढं बसली. पहिली ओळ तिनं खणखणीत म्हटली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचं काहीच आठवेना. चाळीस वर्षांचं पाठांतर कुठं गेलं कोण जाणे. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

तेवढ्यात मागून द्वारकाबायचा चिरका आवाज आला. तीच ओळ, पहिल्यापासून, एक अक्षर न खाता, जगात कसली घाईच नसल्यासारखी. ती संपेपर्यंत दुसरी ओळ कमळीच्या ओठांवर आली होती. तरी द्वारकाबायनं, असू दे म्हणून, पहिली आणखी एकदा म्हटली, आणि कमळीनं ती पुरती होऊ दिली.