जाऊबाईंचं औषध

पुडीवाल्या मावशींनी खलात ज्येष्ठमधाचा तुकडा टाकून बत्ता उचलला, तोच मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांनी रस्ता दोन्हीकडून न्याहाळला, मग पाऊल आत टाकलं.

"औषध हवं होतं. माझ्यासाठी नाही, माझ्या धाकट्या जाऊबाईंसाठी."

"बसा ना. काय होतंय जाऊबाईंना?"

मोठ्या बाईंनी स्टूल रुमालाने पुसलं आणि त्याच्या कडेवर टेकल्या.

"अंगातून एकदम वाफा निघतात. मानेपासून सुरू होतात, कानापर्यंत चढतात. आणि चिडचिड तर अशी, की कुणी नुसतं 'बाई, आत येऊ का' म्हटलं तरी डोकं फिरतं."

जाऊबाईंना असं कोण विचारतं, हा प्रश्न मावशींच्या अगदी ओठावर आला होता. त्यांनी तो ज्येष्ठमधाबरोबर कुटून टाकला.

"पाळी?"

"पाच महिने झाले. नाही, सहा. म्हणजे असं त्या म्हणत होत्या."

"ब्लडप्रेशर आहे?"

"छे! गेल्याच महिन्यात तपासलंय मी. त्यांचं."

मावशींनी मान खाली घालून शतावरी तोलली. हे दुकान त्यांच्या आईचं. आई म्हणायची, बाईचं दुखणं आणि तिचा बहाणा, दोन्ही एकाच पुडीत बांधायचं आणि वर दोरा घट्ट गुंडाळायचा. तीस वर्षं मावशींनी तेच केलं होतं.

"एवढं संध्याकाळी भिजवून सकाळी गाळून प्यायचं," त्या म्हणाल्या. "आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा अंगावरून जायला लागलं, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ डॉक्टर. जाऊबाईंना बजावून सांगा."

"सांगते," मोठ्या बाई गंभीरपणे म्हणाल्या.

चार दिवसांनी टपाल कचेरीतली खिडकीवरची बाई आली. अख्ख्या गावाची पत्रं शिक्के मारून पुढे धाडणारी, हसतमुख बाई. आज मात्र डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माझ्यासाठी नको हं, मावशी. आमच्या थोरल्या जाऊबाईंसाठी. शाळेत मोठ्या बाई आहेत त्या. त्यांना कसं येता येणार असल्या कामाला?"

मावशींच्या हातातला तराजू उगाचच एका बाजूला झुकला.

"काय होतंय त्यांना?"

"झोप उडालीय. तळपाय जळतात. आणि कारण नसताना रडू येतं. परवा पाकिटावर शिक्का मारता मारता..." ती अडखळली. "म्हणजे, दाखल्यावर. शाळेत."

"फार जपता तुम्ही जाऊबाईंना."

"जपते कसली! सहा वर्षं बोलणं नाही आमचं. त्या वर राहतात, आम्ही खाली. माझा मुलगा गणितात नापास झाला, तर चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या, आईवर गेलाय. जिन्यात गाठ पडलीच, तर एकजण कठड्याकडे बघते, दुसरी भिंतीकडे."

"मग त्या रडतात ते कसं कळलं?"

टपालवाल्या बाईंनी काउंटरवरचा नसलेला कचरा झटकला. "आमचं छत पातळ आहे हो."

त्या गेल्या आणि मावशी एकट्याच खुदकन हसल्या. पण हसू ओसरलं, तशी त्यांना हुरहुर लागली. एकाच घरात, एकीच्या डोक्यावर दुसरी, दोघी तेच सोसत होत्या, आणि औषधसुद्धा एकमेकींच्या नावावर घेत होत्या. सांगून टाकावं, तर तीस वर्षांचा शब्द मोडतो. गप्प बसावं, तर राहवत नाही.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई आल्या, तेव्हा मावशींनी हात पुसले आणि सांगून टाकलं, "आता जाऊबाईंना बघितल्याशिवाय पुडी नाही. जीभ बघायची, डोळे बघायचे, नखं बघायची. शनिवारी साडेपाचला घेऊन या."

"अहो, पण त्या कशा..."

"नियमच आहे माझा."

हा नियम त्याच दिवशी सकाळी जन्माला आला होता. दुसऱ्या दिवशी तो टपालवाल्या बाईंनाही ऐकवून झाला. वार तोच, वेळ तीच.

मग मावशींच्या जिवाला घोर लागला. दोघी दुकानातच कडाडून भांडल्या तर? किंवा दोघीही आल्याच नाहीत, बिनऔषधाच्या कुढत बसल्या तर? शनिवारी त्यांनी बडीशेपेच्या बरणीत दोनदा धणे ओतले.

साडेपाच वाजून गेले. पावणेसहाला पायरीवर चपला वाजल्या. पुढे मोठ्या बाई, मागे टपालवाल्या बाई. दोघींचे चेहरे इस्त्री केल्यासारखे.

"ह्या माझ्या जाऊबाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "बघा काय बघायचंय ते."

"आणि ह्या माझ्या," धाकटी म्हणाली.

कुणाला काय ठाऊक आहे, याचा मावशींना पत्ता लागेना. त्यांनी चष्मा चढवला. आधी धाकटीची जीभ पाहिली, मग थोरलीला स्टुलावर बसवून तिच्याकडे वळल्या. ज्यांना बघून सहाशे मुली चिडीचूप होत, त्या मोठ्या बाईंनी डोळे मिटून जीभ बाहेर काढली. मागे धाकटीचे खांदे हलायला लागले. मग थोरलीलाही आवरेना. जीभ बाहेर ठेवून हसता येत नाही, तेव्हा तिने ती आत घेतली आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

"कधी कळलं?" मावशींनी विचारलं.

"मंगळवारी, जिन्यात," मोठ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी धीर करून म्हटलं, तुला माझ्याबरोबर यावं लागेल, जीभ दाखवायला. तर ही म्हणते, मी तेच सांगायला वर येत होते. तिथेच पायरीवर बसलो आम्ही. दूध उतू गेलं दोन्ही घरचं."

त्या पुढे काही बोलणार होत्या, पण मध्येच थांबल्या. मान लाल झाली, लाली कानांकडे चढू लागली. रुमाल काढायला त्यांचा हात पर्सकडे गेला. त्याआधीच धाकटीने काउंटरवरचा एक कागद उचलला आणि त्यांच्या मानेवर वारा घालायला लागली.

"सहा वाजले ना," ती मावशींना म्हणाली, घड्याळाकडे न बघताच. "रोज सहाला वरची खिडकी धाडकन उघडते. गेल्या रविवारी उघडली नाही, तर मी अर्धा जिना चढून गेले होते."

कागद वरखाली होत राहिला. मोठ्या बाई स्टुलावर जराशा सरकल्या.

"बैस," त्या म्हणाल्या. "हात दुखेल तुझा."