काठाचा तुकडा

सूड ही मानवाची सर्वांत प्राचीन कला आहे. मातीची भांडी त्यानंतर आली. हा सिद्धांत चिमीने परदेशातल्या संग्रहालयाच्या कार्यशाळेत, दुपारच्या जेवणानंतर मांडला. सकाळपर्यंत तिला भांड्यांतच रस होता.

कॉलेजच्या अभ्यासदौऱ्यावर तिच्याबरोबर आतेभाऊही आला होता. वयाने जेमतेम काही महिने मोठा, पण तेवढ्या भांडवलावर जन्मभराचा दादा. प्रत्येकाला एका प्राचीन भांड्याचे तुकडे जोडायला दिले होते. ज्याचं काम सरस, त्याचं भांडं दालनातल्या काचपेटीत, जोडणाऱ्याच्या नावासकट.

तुकड्यांच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांच्या वळ्या उमटलेल्या असतात. त्या जुळवल्या की तुकडा आपोआप जागेवर बसतो. हे चिमीने शोधलं आणि भोळसटपणे दादाला सांगितलं. दादाने ते सरांना सांगितलं, "सहज माझ्या लक्षात आलं" अशी सुरुवात करून. सरांनी पाठ थोपटली. दादाने विनयाने मान खाली घातली. विनय तेवढा त्याचा स्वतःचा होता.

"दादा, ते माझं होतं."

"अगं चिमे, घरातल्या घरात काय तुझं-माझं?"

"मग पेटीत दोघांची नावं लावू."

"पेटी लहान आहे गं."

संध्याकाळपर्यंत आत्याने सगळ्या नातेवाइकांना कळवलं, की आमच्या मुलाने परदेशात शोध लावला. चिमीच्या आईनेही अभिनंदन केलं. तिथे चिमीचं टाळकं सरकलं.

दुसऱ्या दिवशी दादा हात धुवायला गेला, तेव्हा त्याच्या ट्रेमधला काठाचा तुकडा तिने उचलून खिशात घातला. नक्षीदार पट्टी होती त्यावर. भांड्याचं नाकच म्हणा ना. मग दादा टेबलाखाली रांगून शोधू लागला, तेव्हा तीही रांगली. सूड घ्यायचा तर मनापासून.

कार्यशाळेच्या बाईंनी येऊन एकदा पाहिलं. "नाही सापडत? प्लास्टर भर. रंग जरा फिका ठेव, म्हणजे कुणाची फसवणूक होणार नाही."

दादाने प्लास्टर भरलं. सर ते पाहून गहिवरले. "जे आपल्याकडे नाही, ते नाही म्हणायला धैर्य लागतं! याला म्हणतात प्रामाणिकपणा." काचपेटी दादाला मिळाली. चिमीचं भांडं अखंड होतं. त्यात बघण्यासारखं काही नाही, असं ठरलं.

आता चिमीने शेवटचं अस्त्र काढलं. आपण बुडालो तरी चालेल, पण ते भांडं पेटीतून बाहेर आलं पाहिजे. तिने तुकडा बाईंच्या टेबलावर आपटला.

"बाई, हा मी चोरला. सरांना सांगा, मला घरी पाठवा. पण आता ते प्लास्टर उकरून हा खरा तुकडा बसवायलाच हवा ना?"

बाईंनी मान वर न करता खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत तुकडेच तुकडे.

"दर बॅचला कुणीतरी आणून देतंच. टाक त्यात."

"आणि भांडं?"

"ते शुक्रवारी काढतोच. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलं की गोंद सुटतो. सगळी भांडी सुटी करून ठेवायची असतात, सोमवारी पुढची मुलं येतात."