समितीवर चढाई

आमच्या कॉलेजच्या मुलींनी कबड्डी खेळायला पालघरला जावं की जाऊ नये, हे ठरवणाऱ्या समितीची ती चौथी बैठक. कोरोनाची तिसरी लाट येणार की आली, यात पहिल्या दोन बैठका गेल्या. तिसरी चहात गेली. मी समितीवर 'ज्येष्ठ नागरिक' म्हणून होतो. ही पात्रता मी काहीही न करता मिळवली होती.

विद्यापीठाचं म्हणणं सोपं होतं. स्पर्धा शनिवार-रविवारी; येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, नाही कळवलंत तर येणार असं धरू. त्या दिवशी बुधवार होता.

"पोरींच्या जिवाशी खेळ नको," अध्यक्ष दिनानाथशेठ म्हणाले. केळव्याला त्यांची नारळाची वाडी आणि वाडीत पाहुण्यांच्या खोल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "शनिवारी? छे हो, मुंबईची माणसं ओसरीवर झोपतायत." फोन ठेवून ते म्हणाले, "हां, तर गर्दी टाळली पाहिजे."

प्राचार्य शैलेश सरांनी दोन्ही बाजूंनी मान हलवली.

"मास्क लावून खेळू दे," रसायनशास्त्राच्या जागृती मॅडम म्हणाल्या.

"मास्कमधून दम कसा ऐकू येणार? पोरगी कबड्डी कबड्डी म्हणतेय की घरचा पत्ता सांगतेय, पंचाला काय कळणार?" हा आवाज खिडकीतून आला. क्रीडाशिक्षक कमलाकांत सर मागच्या लाटेत ऑक्सिजनवर होते. तेव्हापासून ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बैठकीला बसत. आत आम्ही एसी लावून, मास्क हनुवटीला अडकवून बटाटेवडे खात होतो. त्यांच्यासाठी खिडकीची एक फट उघडी ठेवली होती.

"मग तुमचं मत काय, सर?" मी विचारलं.

"मला भीती वाटते."

सगळ्या बैठकीतलं हे एकच खरं वाक्य. त्यामुळे ते इतिवृत्तात घेतलं नाही.

मग कर्णधाराला आत बोलावलं. भागी विक्रमगडकडच्या पाड्यावरची. बोईसरच्या एमआयडीसीत पॅकिंगची सकाळची पाळी संपवून तशीच आली होती. तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा निवड समितीच्या डोळ्यांसमोर खेळली तर विद्यापीठाचा संघ, पुढे खेळाडू म्हणून नोकरीची आशा. नाही तर पॅकिंग.

"बाळ, गर्दीत जायला भीती नाही वाटत?" शेठनी विचारलं.

"कंपनीच्या बसमधी मांडीला मांडी लावून येतो आमी, शेठ. तवा कोनी बैठक नाय घेतली."

"ते काम झालं. हा खेळ आहे," प्राचार्य म्हणाले.

"आमच्या समद्या पोरींची तपासणी झाली हाय, सर. कोनाला काय नाय. तुमची झाली का?"

आमच्यापैकी कुणाचीच झाली नव्हती. म्हणून मॅडमनी घाईघाईने ठराव मांडला. कॉलेजच्या आवारात ज्याला दुसऱ्याचा स्पर्श होईल, त्याने आठवडाभर घरी बसावं, आवारात पाऊल टाकू नये. समितीलाही हा नियम लागू.

"रिपोर्टवाल्यांना सूट ठेवा," शेठ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे ओसरीवरचे पाहुणे असावेत. एकमताने मंजूर.

"पण कबड्डीत स्पर्श होतो तरी किती?" मॅडम म्हणाल्या. प्रयोग पाहिल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. "करून दाखव बघू."

"इथं?"

"इथंच."

भागीने चपला बाहेर काढल्या. वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला, मास्क नाकावर नीट ओढला आणि आत शिरली.

दम मास्कमधून स्वच्छ ऐकू येत होता. मॅडमचा खांदा गेला. प्राचार्यांचा वडा धरलेला हात गेला. शेठ टेबलाभोवती पळाले. चार बैठकांत ते एवढ्या वेगाने प्रथमच हलले. कोपऱ्यात सापडले. माझ्या मात्र पायांना तिने वाकून हात लावला, आशीर्वाद मागावा तसा. मग उडी मारून ती उंबऱ्यापार गेली आणि तिथे श्वास सोडला.

"चारी बाद."

शेठ हसले, टाळ्याही वाजवल्या. मग खिडकीतून आवाज आला, "शेठ, आत्ताच्या ठरावाप्रमाणे तुम्ही सगळे आठवडाभर घरी."

"आणि ही?" प्राचार्य ओरडले.

"माजा रिपोर्ट हाय, सर," भागी म्हणाली.

आम्ही तपासणी करून घेतली. रिपोर्ट शनिवारी मिळणार होते. शुक्रवारी दुपारी प्राचार्यांचा फोन आला. "काका, नकार कळवायचा तर समितीचा ठराव लागेल."

"ऑनलाइन घ्या."

"ऑनलाइन ठराव धरायचा नाही, असं आपणच दुसऱ्या बैठकीत ठरवलंय. कोण झोपलंय ते दिसत नाही म्हणून."

"कुणी मांडलं होतं?"

"तुम्ही."

समितीत नाबाद एकटे कमलाकांत सर. संघाबरोबर कुणीतरी जायला हवंच होतं, तेच गेले. रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे पोरींचा गलका.

"काका, उपांत्य फेरीत हरलो. पण भागीचं नाव विद्यापीठाच्या संघात आलं!"

"तुम्ही कुठे होता?"

"मैदानाच्या दोरीपासून लांब. दोन मास्क लावून. भीती वाटत होतीच हो. पण तिच्या शेवटच्या चढाईला मी ओरडलो. ऑक्सिजन सुटल्यापासून एवढा मोठा आवाज निघालाच नव्हता."

घरी बसण्याचा आठवडा संपताच समितीच्या पाचव्या बैठकीचं बोलावणं आलं. विषय एकच: मुलींनी पालघरला जावं की जाऊ नये. मागच्या बैठकीत तो अनिर्णित राहिला होता.